केपटाउन ते अड्डो: दहावी-अकरावीच्या पोराला घेऊन पहिली दक्षिण आफ्रिका

दक्षिण आफ्रिकेला जायचं म्हटलं की बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कोणीही पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘क्रूगर करणार ना?’ चौदा-सोळा वर्षांचं मूल बरोबर असेल आणि घरातलं कोणीच आधी तिकडे गेलेलं नसेल, तर पहिल्या खेपेला क्रूगर नको, असं माझं सरळ मत आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यान मोठंच आहे, जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर. पण ते देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, आणि बघण्यासारखा समुद्र नैर्ऋत्येला. दोन्ही एकाच सुट्टीत बसवायचं म्हणजे मध्ये आणखी एक विमान, आणखी एक भाड्याची गाडी, आणि सप्टेंबर ते मेच्या दरम्यान मलेरियाच्या गोळ्या.

त्यापेक्षा एकच रस्ता धरा. केपटाउनला उतरा, समुद्र उजव्या हाताला ठेवून एन-टू महामार्गानं पूर्वेकडे चला. साडेसातशे किलोमीटरवर पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासून याचं नाव ग्केबेर्हा) आणि तिथून तासाभरावर अड्डो एलिफंट नॅशनल पार्क. पेंग्विन, देवमासे, सील, हत्ती, सिंह, गेंडे हे सगळं त्या एका रस्त्यावर भेटतं आणि अड्डोत मलेरिया नाही. बेळगाव-बंगळूरच्या दीडपट अंतर, तेही दोन आठवड्यांत तोडायचं. उरलेला वेळ बघण्यासाठी.

आधी शाळेचं कॅलेंडर, मग नकाशा

तिकडचे ऋतू आपल्या उलटे. आपल्या मे महिन्यात केपटाउनला थंडी-पावसाची सुरुवात होते, म्हणून मेची सुट्टी या रस्त्याला तितकीशी चांगली नाही. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची लांब सुट्टी मिळते, ती मात्र अगदी नेमकी बसते. ऑक्टोबर म्हणजे तिथला वसंत. सदर्न राइट जातीचे देवमासे जून ते नोव्हेंबर किनाऱ्याजवळ असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त दिसतात. गणपती उरकलेला असतो, दिवाळी यायची असते, घरातल्या ज्येष्ठांचीही तक्रार राहत नाही.

मूल दहावीत असेल तर ऑक्टोबर विसरा. परीक्षा संपल्यावर एप्रिलात जा. देवमासे नसतील, पण केपटाउनचा वारा पडलेला असतो, हवा छान असते. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) प्रवेशाची धावपळ सुरू व्हायच्या आत परत येता येतं. सीबीएसईवाल्यांनी आपापल्या शाळेच्या तारखा बघाव्यात, त्यांची दसऱ्याची सुट्टी बऱ्याचदा आखूड असते.

कागदपत्रं

इथे घाई केलीत की अडकलात. पासपोर्टपासून सुरुवात करा. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो, पण पंधरा ते अठराच्या मुलांना दहा वर्षांचाही मागता येतो. दोन पानं पूर्ण कोरी हवीत आणि परतीच्या तारखेनंतर निदान महिनाभर मुदत शिल्लक हवी.

मग जन्मदाखला. अल्पवयीन मुलाबरोबर जाताना दक्षिण आफ्रिका आईवडील दोघांची नावं असलेला दाखला मागते. आपल्या सीमाभागातली गंमत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पोरगं वाढलं शहापुरात, पण दाखला गडहिंग्लज नाहीतर कोल्हापूरचा, तोही कधीकधी फक्त मराठीत आणि नावाचा रकाना रिकामा. नाव घालून घेणं, इंग्रजी प्रत काढणं, यासाठी एक खेप मारावी लागते. ती व्हिसाच्या अर्जाच्या आठवड्यात मारायची नाही, तीन-चार महिने आधी मारायची.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील आर. एस.’, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात भलतंच. कर्नाटकातल्या शाळांतली ही आद्याक्षरांची पद्धत परदेशी अर्जात त्रास देते. सगळ्या कागदांवर एकच नाव एकाच क्रमानं आहे ना, ते शांतपणे बसून ताडून बघा आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जन्मगाव एका कागदावर ‘बेलगाम’ आणि दुसऱ्यावर ‘बेळगावी’ असेल, तर शहराचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं हे एका ओळीत लिहिलं की पुरतं.

आईवडिलांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. मामा किंवा आत्या नेत असेल तर दोघांचंही. भारतीय पासपोर्टवर आधी परवानगी घेतल्याशिवाय विमानात बसता येत नाही. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून एजंटाच्या तोंडी माहितीवर न राहता दक्षिण आफ्रिकेच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः बघा आणि हातात दोन महिने ठेवा.

विमान आणि पिवळा ताप

सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बंगळूर किंवा मुंबई, तिथून दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलून केपटाउन, असा एकूण प्रवास. अदिस आणि नैरोबीची तिकिटं बऱ्याचदा स्वस्त असतात, पण इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल किंवा बाहेर पडणार असाल तर लशीचं प्रमाणपत्र लागतं. ही लस मोजक्याच सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. थांबा तीन-चार तासांचा निवडलात की हा व्याप टळतो.

सांबऱ्याचं विमान आणि आंतरराष्ट्रीय विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर दोन्ही एकाच दिवशी ठेवू नका. पहिलं रद्द झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या रात्रीच्या रेल्वेनं बंगळूर गाठून दिवसभर नातेवाइकांकडे लोळणं जास्त शहाणपणाचं.

एक मोठा फायदा. दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा फक्त साडेतीन तास मागे आहे. अमेरिकेला जाऊन आल्यावर पोरं आठवडाभर दुपारी झोपतात तसं इथे होत नाही.

आधी काळीच्या जंगलात तालीम

लाखांत खर्च करण्याआधी एक शनिवार-रविवार दांडेलीला काढा. काळी व्याघ्र प्रकल्पातली पहाटेची सफारी करा, जमलं तर तसेच खाली कारवारला उतरून एक मुक्काम समुद्रावर. दोन दिवसांत तीन गोष्टी कळतात. घाटात पोराला गाडी लागते का, पहाटे पाचला उठवल्यावर घरात किती तमाशा होतो, आणि तासभर काहीच दिसलं नाही तर कोण आधी कंटाळतं. (बहुतेक वेळा वडील.) दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ ची घ्या आणि ती इथेच धनेशांवर वापरायला शिका. काळी नदीकाठी ते भरपूर आहेत. खानापूरकरांना तेवढंही लांब जायला नको, भीमगड अभयारण्य दारातच आहे.

गाडी

तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. बेळगाव आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही बरोबर हवंच. गाडी ज्याच्या नावानं घेणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम घेत नाहीत. केपटाउनला घेऊन पोर्ट एलिझाबेथला सोडायचे वेगळे पैसे पडतात. पण तोच रस्ता परत तोडण्यापेक्षा ते परवडतं.

वेगमर्यादा मोठ्या महामार्गावर १२०, इतर रस्त्यांवर १००, गावात ६०. चारही बाजूंना थांब्याची पाटी असलेला चौक आला तर जो आधी पोचला तो आधी जातो, आणि लोक हे खरंच पाळतात. आपल्याकडच्या आरपीडी सर्कलची सवय असलेल्या माणसाला पहिले दोन दिवस विश्वास बसत नाही. पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, काचही पुसतो, त्याला चार-पाच रँड (तिथलं चलन) द्यायचे. पार्किंगमध्ये गाडी राखणाऱ्यालाही तसंच.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. गाडीत दिसेल अशी पिशवी ठेवू नका, सिग्नलला काच वर. केपटाउन विमानतळाच्या आसपास फोननं जवळचा रस्ता म्हणून वस्तीत शिरायला सांगितलं तर ऐकू नका, एन-टू सोडू नका. मोबाइलवरून मदतीचा क्रमांक ११२, पोलीस १०१११.

मुक्काम

चौदा दिवसांत पाच ठिकाणं, सहावं नको. रोज सकाळी बॅग भरणारं पोर तिसऱ्या दिवशी बोलायचं बंद होतं.

केपटाउनला चार रात्री. टेबल माउंटन १०८५ मीटर उंच, वर जायला पाळणा (केबल कार) आहे, पण वारा सुटला की तो बंद. म्हणून त्याचा दिवस आधी ठरवू नका, आभाळ मोकळं दिसलं की त्याच दिवशी जा. रॉबेन बेटाची बोट मात्र आधी बुक करावी लागते. मंडेलांनी २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं तिथे काढली आणि तुरुंग दाखवायला पूर्वीचे राजकीय कैदी असतात. इतिहासाच्या पुस्तकाला जांभया देणारी पोरंही तिथे गप्प ऐकतात.

पेंग्विन बघायला सगळे सायमन्स टाउनच्या बोल्डर्स बीचला जातात. गर्दी नको असेल तर हर्मेनसच्या वाटेवर बेटीज बेला स्टोनी पॉइंट आहे, तिकीटही कमी. लाकडी वाटेवरून चालायचं आणि खाली हातभर अंतरावर पेंग्विन. हात लावू नका, चावतात. हा आफ्रिकी पेंग्विन २०२४ साली अतिसंकटग्रस्त ठरला. मोठं कारण म्हणजे त्याचं अन्न, आपल्या तारल्यांच्या जातीचे छोटे मासे, समुद्रात कमी झाले आहेत.

हर्मेनसला दोन रात्री. इथला समुद्र मला या सबंध रस्त्यात सर्वांत आवडता. देवमाशाच्या माद्या पिलांना घेऊन आडोशाच्या उथळ उपसागरात थांबतात, त्यामुळे बोटीचं तिकीट न काढताही दिसतात. गावाच्या कडेनं बारा किलोमीटरची कड्यावरची पायवाट आहे. तिच्यावरचं एखादं बाक पकडा, थर्मासमध्ये चहा, आणि वाट बघा. आधी पाण्यावर फवारा उडतो, मग काळी पाठ. पोराला चाळीस मिनिटं तरी द्या, सुरुवातीची वीस तो फोनमध्येच असेल.

पुढे केप अगुल्हासला वळसा घाला. बऱ्याच जणांना, भूगोलात बरे गुण पडलेल्यांनाही, केप ऑफ गुड होप हे आफ्रिकेचं दक्षिण टोक वाटतं. खरं टोक अगुल्हास. हिंदी आणि अटलांटिक महासागरांची ठरवलेली हद्द तिथे आहे. दीपगृह १८४९ चं. मग मोसेल बेला एक रात्र. १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेव दियाश इथे उतरला आणि त्याच्या मागोमाग वास्को द गामा, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज आले ते या दारातून. दियाशच्या जहाजाची खरोखर समुद्रावर चाललेली प्रतिकृती संग्रहालयात आहे. चोर्ल्याच्या घाटापलीकडे ज्यांचा गोवा आहे त्यांना या गावाशी ओळख काढायला वेळ लागत नाही.

प्लेटनबर्ग बेला तीन रात्री, आणि हा भाग पोराच्या ताब्यात द्या. रॉबर्गच्या भूशिरावर पायवाटा आहेत, २.१, ५.५ आणि ९.२ किलोमीटरच्या. लांबची निवडली तर खडकांवर चढावं लागतं, खाली शेकडो सील ओरडत असतात आणि वास वरपर्यंत येतो. त्सित्सिकामाला स्टॉर्म्स नदीच्या मुखावरचा ७७ मीटरचा झुलता पूल इथूनच एका दिवसात होतो. वाटेत ब्लाउक्रान्स पूल लागतो, तिथे २१६ मीटरवरून बंजी उडी मारतात. वयाची आणि वजनाची अट आहे, आईवडिलांची सही लागते. सही करायची की नाही हे भारतातच ठरवून टाका. पुलावर उभं राहून भांडू नका.

पोहण्याचं एकच सांगणं. केपटाउनच्या अटलांटिक बाजूचं पाणी उन्हाळ्यातही हुडहुडी भरवतं आणि पूर्वेला पाणी ऊबदार झालं तरी आत ओढणारे प्रवाह आहेत. जीवरक्षक आणि झेंडे असतील तिथेच, झेंड्यांच्या मधेच.

अड्डो

उरलेल्या रात्री सगळ्या इथे. राष्ट्रीय उद्यानाच्या आत मेन कॅम्पमध्ये राहण्याची सोय आहे. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या लवकर भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी हे बुक करा.

खानापूर-चंदगडकडच्या माणसाला हत्तीचं काय ते नवल? ऊस आडवा करून गेलेले हत्ती त्यानं बघितलेत. म्हणूनच अड्डोची गोष्ट त्याला जास्त कळेल. इथेही शेतकरी आणि हत्ती यांचं वैर होतं. १९१९ मध्ये सरकारनं एक शिकारी नेमला आणि वर्षभरात शंभराहून जास्त हत्ती मारले गेले. १९३१ साली उद्यान जाहीर झालं तेव्हा ११ उरले होते. ते बाहेर शेतात जाऊ नयेत म्हणून त्यांना आत संत्री घालायचे. १९५४ मध्ये ट्रामचे जुने रूळ आणि लिफ्टचे दोर वापरून कुंपण घातलं, तेव्हा कुठे शेतं सुरक्षित झाली. आज तिथे सहाशेच्या वर हत्ती आहेत. संत्र्यांची चटक इतकी लागली होती की आजही आत संत्रं, मोसंबं, लिंबू न्यायला बंदी आहे. तेव्हा प्रवासात मळमळेल म्हणून पर्समध्ये टाकलेलं लिंबू गेटवर काढून ठेवा.

आता अड्डो का, याचं माझं खरं कारण. क्रूगरला सिंह-बिबटे बघायचे तर पहाट गाठावी लागते. अड्डोचे हत्ती ऊन चढल्यावर पाण्यावर येतात. गरम दिवशी हापूर तळ्यावर दहा-अकरापासून कळपामागून कळप येत राहतात. म्हणजे नऊला उठणारं पोरही काही चुकवत नाही. एक दिवस पहाटे सिंहांसाठी उठा, बाकीचे दिवस निवांत नाश्ता करून निघा. रात्री मेन कॅम्पजवळच्या पाणवठ्यावर दिवे असतात आणि उद्यानाची रात्रीची सफारीही असते. ती घ्याच, स्वतःच्या गाडीनं रात्री फिरता येत नाही.

आतले नियम कडक आहेत. ठरवलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, सनरूफमधून डोकं काढायचं नाही, हॉर्न नाही, ड्रोन नाही. मादी आणि पिलू यांच्या मधे गाडी घालू नका. हत्ती समोरून येत असेल तर इंजिन चालू ठेवून सावकाश मागे व्हा. रस्त्यावरच्या शेणाच्या गोळ्यांवरून गाडी नेऊ नका, तिथला न उडणारा शेणकिडा त्यात असतो. त्याला वाट द्या, अशा पाट्याच लावल्या आहेत.

पोराला काम द्या

मागच्या सीटवर बसवून नुसतं फिरवलंत तर वयात आलेलं मूल आईबाबांना सोसत असतं. काम दिलंत तर बदलतं. ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून रस्ता सांगणं त्याचं. पेट्रोलचा आणि रँडचा हिशेब त्याचा. एक रँड म्हणजे पाच रुपयांच्या आसपास, हा गुणाकार तो तुमच्यापेक्षा लवकर करेल. आयनॅचरलिस्ट या अॅपवर दिसलेल्या प्राण्या-पक्ष्यांची नोंद त्याची. आणि रोजची एक गोष्ट त्याच्या मर्जीची, मग ती मॉलमध्ये दोन तास बसणं का असेना.

गेंड्याचा फोटो टाकताना मात्र लोकेशन बंद करायला सांगा. शिंगासाठी शिकार करणारे असे फोटो शोधत असतात. हे कारण सांगितलं की पोरं ऐकतात, ‘टाकू नको’ म्हटलं की टाकतात.

पिशवीत काय

प्लगचं आधी. तिकडचं जाड तीन पिनांचं सॉकेट आपल्या गिझर-एसीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटसारखंच असतं. इलेक्ट्रिकच्या दुकानातून मोठा टॉप (प्लग) लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड करून घ्या, सगळ्यांचे चार्जर एकाच ठिकाणी लागतात. विमानतळावरचे महागडे अॅडॉप्टर नकोत.

खाण्याची काळजी फार करू नका. सुपरमार्केटांत डाळ, तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं आणि बहुतेक मुक्कामी स्वयंपाकघर असतं. घरून शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, भडंग न्या. दुधामांसाचे पदार्थ, मध, बिया यांवर तिकडे निर्बंध आहेत, तेव्हा कुंदा इथेच खाऊन निघा. ऑक्टोबरात सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो आणि वारा अडवणारं जाकीट प्रत्येकाला हवंच.

परतीचा दिवस

पोर्ट एलिझाबेथहून देशांतर्गत विमानानं जोहान्सबर्ग आणि तिथून पुढे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. गाडी देताना चारही बाजूंचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो काढून ठेवा, अनामत परत यायला काही दिवस जातात. मोठी खरेदी केली असेल तर पावत्या आणि वस्तू हाताशी ठेवा. परदेशी पाहुण्यांना १५ टक्के व्हॅट विमानतळावर परत मागता येतो, पण वस्तू दाखवावी लागते, म्हणून ती बॅग चेक-इन करायच्या आधी. शाळा सोमवारी उघडत असेल तर बेळगावात शनिवारी सकाळपर्यंत पोचाल असं तिकीट काढा.